संशोधनाचा वेळ कोणाच्या मालकीचा?

(बेव्हर्ली पार्क, मीरा रोड येथे कार्यकर्ते, विद्यार्थी व पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या विद्यार्थिदशेची गोष्ट महाराष्ट्रातील शाळांतून फार वेळा सांगितली जाते. गोव्यातील माशेल गावचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, आई कष्टाची कामे करून घर चालवणारी, मुंबईत गिरगावच्या बाजूला छोटेसे बिऱ्हाड, पालिकेची शाळा आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास. १९६० साली हा मुलगा शालान्त परीक्षेत राज्यात अकरावा आला. पुढे तो वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला आणि १९९८ साली रॉयल सोसायटीने त्याला फेलो म्हणून निवडले. गोष्ट संपते, मुले टाळ्या वाजवतात आणि पाहुणे तात्पर्य सांगतात की जिद्द असली म्हणजे गरिबी आड येत नाही.

या गोष्टीत एक आकडा आहे. माशेलकर स्वतः तो आवर्जून सांगत आले आहेत, पण ऐकणाऱ्यांच्या लक्षात तो राहत नाही. शिक्षण सोडून नोकरी धरावी की काय, अशा मनःस्थितीत असताना त्यांना सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती पुढे सहा वर्षे चालली. दिवा लोकांनी लक्षात ठेवला, ६० रुपये विसरले. तो दिवाही पालिकेचा होता, म्हणजे करदात्यांच्या पैशावर जळत होता, ही गोष्टसुद्धा विसरली गेली. पैसा एका भांडवलदार घराण्याच्या विश्वस्तनिधीतला होता, हे मान्य करताना समाजवाद्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. प्रश्न असा विचारायला हवा की त्या ६० रुपयांनी काय विकत घेतले? पुस्तके आणि जेवण ही तर त्याची किरकोळ खरेदी. खरी खरेदी होती वेळेची. जो वेळ त्या मुलाला एखाद्या कचेरीत कारकुनी करून विकावा लागला असता, तो त्याला परत मिळाला.

आजचा विषय आहे अभियांत्रिकी विद्यालयातील संशोधन आणि विद्यार्थिजीवन. हे दोन विषय म्हणून मांडण्याची पद्धत आहे. संशोधनावर कुलगुरू बोलतात आणि विद्यार्थिजीवनावर स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष. वस्तुतः विषय एकच आहे. प्रयोगशाळेतील संशोधन विद्यार्थ्याच्या दिवसातील तासांतून निर्माण होते आणि ते तास कोणाच्या मालकीचे आहेत यावर त्याचे सगळे भवितव्य अवलंबून असते.

माशेलकर ज्या संस्थेत शिकले तिचाच दाखला घेऊ, कारण विद्यापीठाच्या छत्राखाली वाढलेल्या तांत्रिक विद्यालयाचे इतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. पुढे तो यूडीसीटी या नावाने ओळखला जाऊ लागला आणि माटुंग्याला स्वतःच्या वास्तूत गेला. आरंभीचे अभ्यासक्रम होते रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन. मुंबई हे गिरण्यांचे शहर होते आणि कापड रंगवण्यासाठी, धुण्यासाठी, खळ देण्यासाठी रसायन जाणणारी माणसे गिरण्यांना हवी होती. १९३८ साली कृष्णस्वामी वेंकटरामन हे या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांचे अनेक खंडांचे ग्रंथ जगभर वापरले गेले. ज्या काळी रंग विलायतेतून आणि जर्मनीतून येत होते, त्या काळी परतंत्र देशातील एका विद्यापीठात रंगांच्या रेणूवर मूलभूत काम होत होते, याचे मोल आज कळणे कठीण आहे. हेच वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

१९६४ साली मनमोहन शर्मा केंब्रिजहून परतले आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी याच विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वायू द्रवात शिरताना किती वेगाने विरघळतो आणि विरघळता विरघळता त्याच्याशी रासायनिक क्रिया कशी करतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ऐकायला तो रुक्ष वाटेल. परंतु खताच्या कारखान्यात अमोनिया तयार करताना कर्बवायू वेगळा काढावा लागतो, आणि तो काढणारा मनोरा किती उंच बांधायचा, त्यात द्रव किती सोडायचा हे या वेगावरूनच ठरते. मनोरा गरजेपेक्षा मोठा बांधला तर पोलाद फुकट जाते, लहान बांधला तर कारखाना चालत नाही. माशेलकरांनी १९६६ साली पदवी घेतली आणि शर्मांच्याच मार्गदर्शनाखाली १९६९ साली पीएच.डी. पूर्ण केली. १९९० साली शर्मा स्वतः रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते होत. त्यांनी ही सगळी कीर्ती मुंबई विद्यापीठाच्या पगारावर, माटुंग्यात राहून मिळवली.

अशा प्रयोगशाळेतला दिवस कसा असतो, हे ज्यांच्या घरात कोणी संशोधन केलेले नाही त्यांनी समजून घेतले पाहिजे. सकाळी उपकरण जोडायचे. प्रवाह स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. तो स्थिर झाल्यावरच नमुना घेण्यात अर्थ असतो. दुपारी कुठे तरी सांधा गळतो, तापमान ढळते, सकाळचे सारे वाया जाते. संध्याकाळी पुन्हा जुळवणी. आठ दिवसांच्या खटपटीनंतर आलेखावर एक बिंदू मिळतो आणि तो अपेक्षित रेषेवर बसत नाही. तो चुकीमुळे बसला नाही की रेषाच चुकीची आहे, हे ठरवायला आणखी महिना. हा महिना म्हणजे संशोधन. बाकीची नोंदवही आहे. ज्या विद्यार्थ्याला सहाच्या लोकलची घाई आहे, किंवा ज्याला आठवड्याअखेर हमखास निकाल दाखवायचा आहे, तो न बसणारा बिंदू खोडून टाकतो. अप्रामाणिकपणापेक्षा वेळेचा तुटवडा हे त्यामागचे अधिक सामान्य कारण असते.

म्हणून माटुंग्याच्या यशाचे श्रेय फक्त बुद्धिमत्तेला देऊन चालणार नाही. मार्गदर्शकाला वर्गातील तासांपलीकडे मोकळा वेळ होता, कारण त्याच्या पगाराची हमी विद्यापीठाने घेतली होती. विद्यार्थ्याला मोकळा वेळ होता, कारण शुल्क अल्प होते आणि शिष्यवृत्ती, तुटपुंजी का होईना, वेळेवर येत होती. या वेळेची किंमत समाजाने आगाऊ चुकती केली होती.

याची दुसरी बाजू पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर लपवण्यात अर्थ नाही. समाजाने चुकवलेल्या किमतीचे फळ कोणाच्या पदरात पडले? भारतातील सर्वांत श्रीमंत उद्योगपतींपैकी एक असलेले मुकेश अंबानी हे याच यूडीसीटीचे रासायनिक अभियंते. सार्वजनिक खर्चाचे खाजगी फळ कसे असते हे शिकवायला अर्थशास्त्राच्या वर्गात याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. आणि ज्या गिरण्यांसाठी वस्त्ररसायनाचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यांच्या रंगखात्यात उभे राहणाऱ्या कामगाराचे काय झाले? रंग पक्का कसा होईल यावर प्रबंध झाले. रंगाच्या वाफेत आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांवर तितके प्रबंध झाले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गिरणगावातील कुटुंबे उत्तरेकडे सरकत गेली. काही नालासोपारा-विरारला गेली, काही याच मीरा रोड-भाईंदरला आली.

मीरा-भाईंदर हे सरकत आलेल्या माणसांचेच शहर आहे. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. दहा वर्षांनी ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ मध्ये ८ लाखांच्या वर गेली. मिठागरे आणि भातखाचरे होती तेथे इमारती उठल्या आणि त्यांना बेव्हर्ली पार्कसारखी सातासमुद्रापलीकडची नावे मिळाली. कॅलिफोर्नियातील बेव्हर्लीत सिनेनट राहतात. येथे बँकेचे कारकून, औषधविक्रेते, शिक्षक, छोटे दुकानदार आणि रोज सकाळी लोकलच्या दारात उभे राहणारे हजारो नोकरदार राहतात. कर्ज काढून सदनिका घेतलेल्या या माणसाची पुढची आकांक्षा एकच असते, मुलगा किंवा मुलगी इंजिनियर व्हावी. ती आकांक्षा हास्यास्पद मानणारे लोक बहुधा स्वतः सुस्थितीत असतात.

या आकांक्षेला वाट १९८३ साली मिळाली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्यापूर्वी पुण्याचे १८५४ सालचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची १८८७ सालची व्हीजेटीआय, १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने आणि युनेस्कोमार्फत उभी राहिलेली पवईची आयआयटी अशा मोजक्याच संस्था होत्या. महाराष्ट्रातील मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात, तो पैसा राज्यातच का राहू नये, असा त्या वेळचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. सरकारने स्वतः महाविद्यालये काढली असती तर त्याची गरज पडली नसती, एवढेच. १९८७ साली देणगी घेण्यास बंदी करणारा कायदाही राज्याने केला. कायद्याने देणगीला बंदी, धोरणाने शुल्काला मोकळीक.

खेड्यापाड्यांतील आणि उपनगरांतील मुलांना विनाअनुदानित महाविद्यालयांनी जागा दिल्या, हे नाकारणे अन्यायाचे होईल. बेव्हर्ली पार्कच्या शेजारी कनाकिया भागात २०१० साली श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे या वस्तीतल्या मुलांना चालत जाण्याच्या अंतरावर पदवीचे दार उघडले. हे दार उघडणे लहान गोष्ट नाही. येथे कोणा एका संस्थेचा दोष काढायचा नाही. तपासायची आहे ती व्यवस्था, जिच्यात महाविद्यालयाचे उत्पन्न जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्याच्या शुल्कावर अवलंबून असते.

ही व्यवस्था वेळेचे काय करते ते पाहा. विनाअनुदानित महाविद्यालयाचे वर्षाचे शुल्क सामान्यतः लाखाच्या पुढे जाते. ते कर्जाने भरले तर अभ्यासक्रम चालू असतानाही व्याज वाढत राहते आणि शिक्षण संपल्यावर सहसा वर्षभरात हप्ता सुरू होतो. म्हणजे विद्यार्थी पहिल्या वर्गात बसतो त्याच दिवशी त्याचा पदवीनंतरचा वेळ गहाण पडलेला असतो. चौथ्या वर्षी एखाद्या प्रश्नाने त्याचे मन धरले, दोन वर्षे आणखी त्यावर घालवावीत असे वाटले, तरी ती दोन वर्षे त्याची नाहीत. ती बँकेची आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना मिळणारी शिष्यवृत्ती वर्षानुवर्षे दरमहा १२,४०० रुपयांवर थांबलेली राहिली. इतक्या पैशात मीरा रोडला एका खोलीचे भाडे भागवतानाही ओढाताण होते. त्यापेक्षा माहिती तंत्रज्ञानाच्या कंपनीतील पहिली नोकरी अधिक देते, मग काम कोणत्याही शाखेचे असो. स्थापत्य शिकलेला मुलगा संगणकाच्या आज्ञावली लिहू लागतो आणि लोक त्याला बुद्धीचा अपव्यय म्हणतात. तो फक्त हिशेब करत असतो.

ज्यांना माटुंग्याला किंवा व्हीजेटीआयला प्रवेश मिळाला त्यांचाही एक हिशेब आहे. बेव्हर्ली पार्कहून रिक्षाने स्टेशन, गर्दीत दोन गाड्या सोडून तिसरी, दादरला उतरून पुढे. दारापासून दारापर्यंत दीड तास धरला तर रोजचे तीन तास होतात. वर्षाचे २०० दिवस आणि चार वर्षे धरली, तर २,४०० तास होतात. रोज आठ तासांच्या प्रयोगशाळेच्या हिशेबाने हे ३०० दिवस झाले. उपनगरातला विद्यार्थी पदवी घेईपर्यंत जवळजवळ एका वर्षाचे काम पश्चिम रेल्वेला वाहतो. वसतिगृहातील मुलाजवळ हे वर्ष शिल्लक असते. मुलींच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर होतो. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क सरकारने पूर्ण माफ केले. हा निर्णय चांगला आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण प्रयोग रात्री नऊला संपतो आणि घरचे सातला वाट पाहू लागतात. शुल्क माफ झाले म्हणून सात ते नऊ हे दोन तास तिला मिळाले, असे होत नाही. ते दोन तास वसतिगृह देऊ शकते.

अध्यापकांची स्थिती याहून बरी नाही. शुल्कावर चालणाऱ्या संस्थेत अध्यापक हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग, म्हणून काटकसर तेथूनच सुरू होते. कायम जागा कमी, तासिका तत्त्वावरचे किंवा करारावरचे अधिक. दिवसाला चार-पाच तास शिकवून, उत्तरपत्रिका तपासून, प्रवेशाच्या हंगामात पालकांना माहिती देण्याचे काम करून जो वेळ उरतो त्यात त्याने संशोधन करावे, अशी अपेक्षा असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांनी बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि छापून आलेल्या प्रत्येक निबंधाला गुण मिळू लागले. वेळ न देता निबंध मागितला तर बाजार तो पुरवतोच. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळावी लागली. या प्रकारावर नीतीची प्रवचने पुष्कळ झाली. अध्यापकाच्या आठवड्यातील तास कोणी मोजले नाहीत.

आता सरकारकडे वळू. भारताचा संशोधन-विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन त्या सुमारास २ टक्क्यांच्या वर आणि दक्षिण कोरिया ४ टक्क्यांच्या वर खर्च करत होता. २०२३ साली केंद्राने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे जाहीर केले. त्यांतील १४,००० कोटी सरकार देणार आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, दाते वगैरेंकडून येतील असे गृहीत धरले. अर्थसंकल्पात दात्याच्या दातृत्वाला जमेच्या बाजूस लिहिण्याचा हा प्रकार आहे. विद्यार्थ्यांनी २०१८-१९ साली देशभर आंदोलने केली तेव्हा संशोधकांची अधिछात्रवृत्ती दरमहा २५,००० वरून ३१,००० झाली आणि २०२३ पासून ती ३७,००० झाली. रस्त्यावर आल्याशिवाय वाढ झालेली नाही, हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात तर २०२३ साल या बाबतीत फार बोलके ठरले. अनुसूचित जातींच्या संशोधक विद्यार्थ्यांनी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानात ठाण मांडले. जी रक्कम त्यांना संशोधनासाठी मिळायची, ती मिळवण्यातच त्यांचा संशोधनाचा वेळ गेला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत केला. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. पण तो सवाल रागाच्या भरात आलेला एकट्या मंत्र्याचा सवाल समजून सोडून देऊ नये. संशोधक विद्यार्थी म्हणजे फुकट खाणारा, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात खोल रुजली आहे आणि तो विद्यार्थी दलित, मराठा किंवा ओबीसी शेतकऱ्याच्या घरचा असला की तिला अधिक धार येते. संपन्न घरचा मुलगा परदेशात सहा वर्षे घालवतो तेव्हा त्याचे वडील सोसायटीच्या सभेत अभिमानाने सांगतात. त्याच्या वेळेची किंमत घराने दिली असते, म्हणून तो संशोधक. दुसऱ्याच्या वेळेची किंमत सरकारने द्यायची असते, म्हणून तो दिवे लावणारा.

दिवे लावण्यासारखे मात्र पुष्कळ आहे आणि ते शोधायला बेव्हर्ली पार्कपासून लांब जावे लागत नाही. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी तयार होतात आणि देशभर जातात. पत्रा दाबायचा, आम्लात साफ करायचा, चाकावर धरून चकचकीत करायचा. चाकासमोर दिवसभर बसणारा कामगार धातूची आणि पॉलिशची बारीक धूळ ओढत असतो. कमी खर्चात ती धूळ खेचून घेणारे, लहान गाळ्याला परवडणारे साधन बनवणे हा यंत्र अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शोभेल असा विषय आहे. उत्तनला धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा जातो, तेथे आगी लागतात, झिरपणाऱ्या पाण्याबद्दल शेतकरी आणि कोळी वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. त्या पाण्याचे महिन्यागणिक पृथक्करण रासायनिक शाखेची चार मुले करू शकतात.

सर्वांत नाजूक विषय नळाचा आहे. मीरा-भाईंदरला पाणी आले ते उल्हास आणि बारवीच्या बाजूने, स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक महामंडळ यांच्यामार्फत. ते पुरेना म्हणून पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीवरील योजना आखली गेली. रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायचे, त्यांतील १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. सूर्या प्रकल्प मुळात सिंचनासाठी, डहाणू, विक्रमगड, पालघर भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या नावाने उभा राहिला होता. त्यांचे पाणी शहरांकडे वळवण्यास तेथील संघटनांनी विरोध केला. आता येथील कार्यकर्त्याने कोणाची बाजू घ्यायची? इमारतीत टँकर मागवून थकलेल्या गृहिणीची, की कालव्याकडे डोळे लावून बसलेल्या वारली शेतकऱ्याची? घोषणेने हा पेच सुटत नाही. शहराच्या नळांतून वाटेत किती पाणी गळते, कोणत्या भागाला किती तास मिळते, इमारतीच्या छतावरचे पावसाळी पाणी किती महिने पुरेल, हे मोजले तरच सूर्येकडे किती मागायचे आणि किती सोडायचे यावर प्रामाणिक बोलणे शक्य आहे. हे मोजमाप म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीचे शुद्ध संशोधन आहे. शहराला त्याचे उत्तर गैरसोयीचे वाटेल, अशी शक्यताही आहे.

हे स्वप्नरंजन नाही. पवईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापन झाले. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विद्यार्थ्यांना ठाणे-रायगडच्या गावांत नेऊन नळपाणी योजना का बंद पडतात याचा अभ्यास करायला लावला. टाकी उंचावर नाही, नळी अरुंद आहे, विजेचे बिल थकले आहे, अशी साधी दिसणारी कारणे विद्यार्थ्यांनी आकड्यांनिशी मांडली. पुढे २०१६ साली राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियानाचा निर्णय काढून अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत असे ठरवले. कल्पना उत्तम होती. परंतु शासनाच्या निर्णयाने विषय मिळतो, वेळ मिळत नाही. गावात चार वेळा जाण्याचे भाडे, अध्यापकाच्या तासांतून सूट आणि विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत त्या कामाला मान, या गोष्टी महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात दिसल्या नाहीत, तर अहवाल कपाटातच राहतो.

पक्षाच्या शाखेला यात करता येण्यासारखे दोन प्रकारचे काम आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, शुल्काचा परतावा रखडू नये, उपनगरातील मुलामुलींसाठी दादर-माटुंगा परिसरात शासकीय वसतिगृह व्हावे, या मागण्या विद्यार्थी संघटनांबरोबर लावून धरता येतील. १९४४ पासून चालत आलेली अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही अनेकांच्या हातात वर्ष संपल्यावर पडते. त्या विलंबाचा तालुकावार हिशेब मांडायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

दुसरे काम अधिक लहान आहे आणि या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकते. महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे प्रभागवार पाणी सोडण्याच्या वेळांच्या नोंदी असतात. त्या मिळाव्यात आणि शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी वापरता याव्यात, असा अर्ज शाखेच्या वतीने द्यावा. नकार आला तर माहिती अधिकारात पुन्हा मागाव्यात. बेव्हर्ली पार्कच्या पाच-सहा सोसायट्यांनी आपल्या टाकीच्या मीटरचे आकडे रोज सकाळी लिहून ठेवण्याचे मान्य केले, तर विद्यार्थ्यांना हाताशी पहिली नोंदवही मिळेल. सोसायटीच्या चिटणीसांची समजूत घालण्याचे काम येथे बसलेल्या कार्यकर्त्यांचे आहे आणि वहीची पाने आखून देण्याचे काम मागच्या रांगेत बसलेल्या विद्यार्थ्यांचे.